गोडाला राखलेली जागा

नेरळ आणि कर्जत या दोन्ही गावांच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा आहे. त्यामुळे सूर्य पंचांगातील वेळेच्या थोडा आधीच नजरेआड होतो. बाजारपेठेतील जैन घरांत मात्र हिशेब डोंगराचा चालत नाही, पंचांगाचा चालतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या आरंभी तो सव्वासातच्या आसपास जातो. या सव्वा तासाच्या फरकावर स्वयंपाकघराचे सारे वेळापत्रक मागे-पुढे सरकत असते.

एकाच घरात रात्रीची जेवणे दोनदा होतात, हे या भागातील व्यापारी कुटुंबांचे आजचे वास्तव आहे. वडीलधारी मंडळी चौविहार पाळतात आणि दिवस असतानाच ताटावरून उठतात. दुकानाचे शटर मात्र नऊच्या आधी खाली येत नाही. मुंबईला नोकरीस किंवा मालखरेदीस गेलेला मुलगा कर्जत लोकलने परततो तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात. खालापूर तालुक्यात, विशेषतः खोपोलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची आणि कारखान्यांच्या पाळ्यांची वर्दळ असल्याने दुकाने आणखी उशिरापर्यंत उघडी राहतात. म्हणजे घरातील एक पिढी सहा वाजता जेवते आणि दुसरी दहा वाजता. या दुसऱ्या पंगतीतच जेवणानंतर मिठाईचा डबा निघतो.

असेच एक प्रातिनिधिक घर डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे, किराणा आणि तांदळाचे व्यापारी. वडिलांची शेवटची वर्षे इन्सुलिनच्या सुया मोजण्यात गेली. यंदा त्यांच्या स्वतःच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा आकडा मधुमेहाच्या आधीच्या पायरीचा मानतात. ६.५ वर मधुमेह. डॉक्टरांनी गोड बंद करण्यास सांगितले. दिवसभर ते सहज बंद राहिले. रात्री जेवण झाले की मात्र पावले आपोआप फ्रिजकडे वळत.

“अरे, आत्ताच तर पोटभर जेवलास,” आई म्हणत.

“पोट भरलं गं आई, तोंड नाही भरलं.”

हे उत्तर थट्टेचे वाटले तरी त्यात शरीरशास्त्र आहे. एकाच प्रकारच्या चवीचे अन्न खात गेले की त्या चवीची इच्छा ओसरते. पण जी चव अजून जिभेवर आलेली नाही, तिची इच्छा जवळजवळ तशीच शिल्लक राहते. भाजी-भाकरी आणि वरण-भात यांनी तृप्त झालेला माणूस तिसरी भाकरी नाकारतो आणि त्याच श्वासात पेढ्याला हात घालतो. गोडाला पोटात वेगळी जागा असते असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. ती जागा प्रत्यक्षात जिभेवर असते, आणि रोजच्या सवयीने ती राखून ठेवलेली असते. त्यातच पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा वाजता घाईघाईने जेवणारा दुकानदार सातव्या-आठव्या मिनिटाला ताट संपवतो. उरलेली मिनिटे डब्याच्या वाट्याला येतात.

येथे एका जुन्या रीतीची आठवण व्हावी. जेवणाच्या शेवटी गोड खाणे ही आपली परंपरा आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. तसे ते नाही. सुश्रुतसंहितेत भोजनातील रसांचा क्रम सांगितला आहे : आधी मधुर, मध्ये आंबट आणि खारट, आणि बाकीचे, म्हणजे तिखट, कडू, तुरट हे रस शेवटी. मराठी पंगतीत गोडाचे पान जेवणाबरोबरच वाढले जाते आणि शेवट ताकभाताने होतो. गुजराती-मारवाडी थाळीतही मिष्टान्न ताटातच असते. जेवण आवरल्यावर स्वतंत्रपणे गोड मागवायचे, ही पद्धत आपल्याकडे हॉटेलांतून आणि लग्नाच्या बुफेतून आली. जुन्या घरांत जेवणाचा समारोप तुरट आणि सुगंधी पदार्थांनी होई : सुपारी, लवंग, वेलदोडा, बडीशेप. तोंड स्वच्छ झाले, चव पुसली गेली, जेवण संपले. आज तो समारोप गोडाकडे गेला आहे, आणि गोडाची अडचण अशी की ते काही संपवत नाही. एक तुकडा दुसऱ्याला बोलावतो.

जैन आहारविचाराने तर या जिभेच्या मागणीला एक वेगळे खातेच दिले आहे. चौविहारात ज्या चार प्रकारच्या आहारांचा त्याग करतात, ते अशन, पान, खादिम आणि स्वादिम. भूक भागवणारे ते अशन, आणि केवळ मुखाच्या स्वादासाठी घ्यायचे ते स्वादिम. सुंठ, वेलची, लवंग ही स्वादिमात येतात. पोटाची गरज आणि जिभेची गरज यांची खतावणी इतक्या जुन्या काळी वेगवेगळी लिहिली गेली, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

रात्रीच्या गोडावर उतारा म्हणून चहा घ्यावा, असा सल्ला अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. त्यामागचे तर्कशास्त्र वरील क्रमाशी जुळणारे आहे. चहातील टॅनिन तुरट असते. ते जिभेवरची चव बदलते. पेय गरम असल्याने सावकाश घ्यावे लागते, त्यात दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूला मिळतो. हाताला आणि तोंडाला काहीतरी काम राहते. इतके सगळे खरे. परंतु ‘चहा’ या शब्दाखाली आपल्या घरात जे पेय तयार होते, त्याचा आधी रोजमेळ मांडला पाहिजे.

एका लहान चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दुकानात गिऱ्हाईकाबरोबर, दलालाबरोबर, मालाचा टेम्पो आला म्हणून आणि टेम्पो गेला म्हणून, असे दिवसाचे चार-पाच चहा सहज होतात. ते अर्धे-अर्धे कप धरले तरी पंचवीस ग्रॅम साखर तेथेच खर्ची पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत. ही पाच टक्क्यांची मर्यादा साधारणपणे पंचवीस ग्रॅमच भरते. म्हणजे रात्री घरी येईपर्यंत शिल्लक शून्य. त्यावर पेढा टाळण्यासाठी पुन्हा दोन चमचे साखरेचा, दुधाचा चहा घेतला, तर एका खात्यातील उचल बंद करून दुसऱ्या खात्यातून सुरू केल्यासारखे झाले. रोजचे दहा ग्रॅम वर्षाला साडेतीन किलोच्या वर जातात. किराणा दुकानदाराला साडेतीन किलो साखरेचा ढीग केवढा दिसतो, हे सांगायला नको.

साखरेऐवजी गोळी टाकावी, हा मार्गही फारसा उपयोगाचा नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडव्याचा वापर करू नये, असे सुचवले. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे लक्षात घ्यावे. पण ज्याला जिभेची सवय मोडायची आहे, त्याने जिभेला रोज रात्री गोडच देत राहावे, यात विसंगती आहे.

दुसरा मुद्दा चहाच्या पत्तीचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जेवणाच्या किमान एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे. कारण चहातील टॅनिन अन्नातील लोहाला धरून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. धान्य-कडधान्यांतील लोह मुळातच कमी शोषले जाते. शाकाहारी घरात लोहाचा सारा पुरवठा अशाच अन्नातून होतो. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसून आले. नवऱ्याची साखर सांभाळण्यासाठी जेवणापाठोपाठ काळा चहा सुरू झाला आणि सोबत म्हणून सुनेने, मुलीनेही तो घेतला, तर एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यातून निघेल.

आणि तिसरा मुद्दा झोपेचा. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार दीडशे मिलिलिटर चहात तीस ते पासष्ट मिलिग्रॅम कॅफिन असते. शरीरातील निम्मे कॅफिन निघून जाण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कपातील निम्मे तीन वाजता रक्तात फिरत असते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती भूक नेमकी गोड व पिठाळ पदार्थांकडे ओढ घेते. ग्रीन टी म्हणून जो मिळतो तोही याच झुडपाचा पाला आहे. त्यातही कॅफिन आणि टॅनिन असतेच.

मग उरते काय? उत्तर कर्जत-खालापूरच्या परसदारी उगवलेले आहे. सांडपाण्याच्या वाटेवर, आंब्याच्या आळ्याशेजारी गवती चहाचे बेट नाही असे जुने घर कोकणात क्वचितच सापडते. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी याचे नाते नाही. हे गवत आहे, आणि यात कॅफिन नाही. चार-पाच पाती धुऊन, गाठ मारून दोन कप पाण्यात टाकावीत. एक वेलदोडा ठेचून घालावा. चिमूटभर सुंठ, पाव चमचा बडीशेप. पाच-सात मिनिटे उकळून, झाकण ठेवून, मग गाळावे. बडीशेपेमुळे जिभेला गोडीचा भास होतो आणि सुंठेचा तिखटपणा मागे रेंगाळतो. साखर नाही, गूळ नाही. पहिले चार-पाच दिवस ते पाणचट लागते. आठवड्यानंतर त्याचा सुगंध लक्षात येऊ लागतो.

बाहेरच्या पाककृती जैन घरात जशाच्या तशा उचलता येत नाहीत. त्यांत सर्रास मध असतो, तो येथे वर्ज्य. आले कंदमुळात गेले, म्हणून त्याच्या जागी सुंठ. अष्टमी-चतुर्दशीला ज्यांच्याकडे हिरवे चालत नाही, त्यांनी त्या दिवशी गवती चहा वगळून वेलदोडा, बडीशेप, दालचिनी, लवंग यांवर भागवावे. प्रत्येक घराचा नियम ज्याचा त्याने जाणावा. बाजारात मिळणाऱ्या तयार काढ्यांच्या पाकिटांत पुष्कळदा ज्येष्ठमध असते. त्याची गोडी नैसर्गिक असली, तरी रक्तदाब वाढलेल्यांनी ते रोज घेणे बरे नव्हे. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. मालाच्या बिलातील एक पैशाची चूक शोधणारी आपली मंडळी औषधी पाकिटाची पाठ कधी वाचत नाहीत, हे एक कोडेच आहे.

सह्याद्रीच्या रानात आणखी एक वेल आहे, आणि ती या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. गुडमार किंवा मधुनाशिनी हे तिचे नाव; आयुर्वेदात तिला मेषशृंगी म्हणतात. तिचे पान चावून त्यानंतर साखर तोंडात घातली, तर साखर वाळूसारखी लागते. चव जाते ती केवळ गोडाची. खारट, आंबट यांची जाण बव्हंशी तशीच राहते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांनी या गुणाची नोंद केली, आणि १८८७ मध्ये उटीला सरकारी नोकरीत असलेले रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी पानातील कारक द्रव्य वेगळे करून त्याला जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले. जिभेवर गोड ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांनाच हे द्रव्य काही काळ बंद करते. अर्धा-पाऊण तास गेला की चव परत येते.

या वेलीच्या पानांचा काढा जेवणानंतर घेतला, तर पेढ्याची गंमतच निघून जाते. गोडाची इच्छा मारण्याचा याहून थेट उपाय निसर्गाने केलेला नाही. तरीही तो सरसकट करू नये. गुडमारने रक्तातील साखरही काही प्रमाणात उतरते. जे आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांची साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. शिवाय रानातील वेल ओळखणे हे बाजारपेठेतल्या माणसाचे काम नव्हे. कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतील ठाकूर आणि कातकरी बांधव पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात येतात; त्यांची झाडपाल्याची जाण आपल्याहून कितीतरी खोल आहे. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने या परिसरातील स्थानिक भातवाणांच्या आणि वनौषधींच्या ज्ञानाचे जतन केले, तेही याच लोकांच्या आधाराने. परंतु कोणीही दिलेले पान डॉक्टरांना न विचारता रोजच्या काढ्यात टाकू नये.

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या घराकडे वळू. गवती चहाचा काढा तेथे महिनाभर चालला. पेढा सुटला, पण एक अडचण पुढे आली आणि ती आईंनी अचूक दाखवली. काढा असो, चहा असो की मिठाई, रात्री दहा वाजता मुखात काहीतरी जातच होते. “डबा बंद केलास, आणि पातेलं चढवलंस,” असे त्या म्हणाल्या. घरात चौविहार करणाऱ्या दोन व्यक्ती आणि रात्री साडेदहाला पेटणारी शेगडी, हा मेळ त्यांना पटत नव्हता. त्यांच्या बोलण्यात धर्म होता, तसा हिशेबही होता. उशिरा जेवल्यावर तासाभरात झोपणाऱ्याची साखर लवकर जेवणाऱ्यापेक्षा अधिक चढते. शरीरातील इन्सुलिनचा प्रतिसाद दिवसाच्या मानाने रात्री मंद असतो. जेवणच दहाला होत असेल, तर त्यानंतर काय प्यावे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

तोडगा दुकानातच निघाला, आणि तो सुनेने सुचवला. घरातील वडीलधाऱ्यांसाठी सहा वाजता जो डबा पलीकडच्या गल्लीतील जुन्या पेढीवर जात असे, त्याच फेरीत दुसरा डबा दुकानात यावा. गल्ल्यामागच्या छोट्या खोलीत दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, ताक. दहा मिनिटे मुलाने गल्ला सांभाळावा. त्या डब्याबरोबरच थर्मासमध्ये काढा. जेवण सूर्यास्ताआधी, आणि जेवणाचा तो तुरट, सुगंधी शेवटही सूर्यास्ताआधीच.

पहिला आठवडा अवघड गेला. रात्री नऊला शटर ओढताना पोटात कालवाकालव होई, आणि ती भूक की सवय हे कळत नसे. वैद्यकीय सल्ल्याने सुरुवातीला त्यांनी चौविहाराऐवजी तिविहार ठेवला, म्हणजे रात्री पाण्याची मुभा राहिली. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ अशी तीन-चार तासांनी मागे ओढू नयेच. ते गोळ्या घेत नव्हते, म्हणून हे सोपे झाले.

एक गोष्ट मात्र त्यांच्याही लक्षात आली. रात्री दहा वाजता ‘आज गोड खायचे नाही’ असा निश्चय रोज नव्याने करावा लागे आणि तो रोज थोडा झिजे. पच्चक्खाण घेतल्यावर प्रश्नच उरला नाही. डबा फ्रिजमध्ये होता, पण वेळ टळून गेलेली होती. सहा विगईंपैकी गोडाची विगई सोडणारी माणसे जुन्या पिढीत घरोघर होती. त्यांना डब्याकडे पाहून मन मारावे लागे असे दिसत नसे.

घरात गोड अजिबात बंद झाले, असे नाही. रविवारी दुपारी ताटात एक वाटी श्रीखंड किंवा एक लाडू असतो, आणि तो जेवणाच्या आरंभी वाढला जातो. शेवटी ताक. लग्नाच्या मिठाईचे खोके आले की ते त्याच संध्याकाळी दुकानातील माणसांमध्ये वाटून टाकण्याचा नियम सुनेने घातला आहे, कारण घरात शिल्लक असलेली मिठाई कोणाच्या तरी नावावर पडणारच. दुकानात आलेल्या पाहुण्यासाठी चहा अजूनही मागवला जातो. मालकाचा अर्धा कप बिनसाखरेचा असतो, आणि टपरीवरच्या मुलाला आता ते वेगळे सांगावे लागत नाही.

पुढील तपासणी तीन महिन्यांनी आहे. दुकानातील दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती खूण केलेली आहे. त्याच दिनदर्शिकेवर रोजच्या सूर्यास्ताची वेळ आईंनी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. पावसाळ्यात सव्वासातपर्यंत सवड होती. कार्तिक लागला की ती सहावर येईल, आणि नेमके तेव्हाच दिवाळीचे गिऱ्हाईक दारात उभे असेल. त्या दिवसांत डबा साडेपाचलाच निघावा, असे सुनेने आतापासून सांगून ठेवले आहे.